तिसऱ्या विहिरीचं माप

आमच्या मास्तरांच्या कोटाच्या खिशात कायम एक कांदा असायचा. खाण्यासाठी नाही, विचारण्यासाठी. रस्त्यात कोणी भेटला, रामराम झाला, की कांदा बाहेर निघायचा. "हा उभा कापला तर आत काय दिसंल? आडवा कापला तर? बरं, आता तिरपा सांगा." खांद्यावर वखर घेतलेला माणूस कांद्याकडे पाहील की बैलाकडे? एकदा दाढी करून घेता घेता त्यांनी आमच्या न्हाव्याला हाच सवाल टाकला. न्हावी म्हणाला, "मास्तर, कांदा कसाबी कापा, डोयाले पानी येते. आता मान हालवू नका, नाई तं तुमालेच तिरपं कापतो." मास्तर इतके हसले की खरंच थोडं कापलं.

त्यांच्या अशा गोष्टी मी खूप ठिकाणी सांगितल्या. लग्नात, मयतीला, शेतात जेवायला बसलो तेव्हा. लोक हसतात. हसून झालं की कोणीतरी विचारतो, "मंग पुढं काय झालं त्यायचं?" तिथं मी चिलीम शोधायला लागतो.

मी जानेफळपासून दोन कोसांवरच्या एका खेड्याचा. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि राज्य इंग्रजाचं. मारुतीच्या देवळामागं एक लांबट खोली, ती आमची शाळा. वर्ग चार, मास्तर एक. मी तिसरीत दोनदा बसलो आणि दोनदाही नापास झालो. अक्षरं माझ्यापुढं नीट उभीच राहत नसत. आजही एक ओळ लिहायला मला वेळ लागतो. नातू म्हणाला, "आबा, तुमी सांगा, मी लिवतो." मी म्हटलं, तू आपलं काम कर.

मास्तर नॉर्मल स्कूल, म्हणजे मास्तर घडवायची शाळा, शिकून आलेले. उंच, काटकुळे, डोक्याला चापून बांधलेला रुमाल. चालता चालता मधेच वळत आणि दहावीस पावलं उलटी चालत. त्यांचं म्हणणं असं, की जातानाचा रस्ता वेगळा आणि येतानाचा वेगळा, म्हणून येतानाचा रस्ता जातानाच पाहून ठेवावा. असेच उलटे चालत ते एकदा तेलिणीच्या वाळवणात गेले. तिनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या. मास्तरांनी हात जोडले आणि सगळी मिरची पुन्हा पसरून दिली.

पुस्तकातला भूगोल त्यांनी शिकवला नाही असं नाही. पण आधी पोरांना नीमावर चढवायचे. "वरून पाहा. कावळ्याले आपलं गाव कसं दिसते, ते उतरून पाटीवर काढा." आधी आम्ही घरं समोरून काढली, दार, ओटा, वर छप्पर. मास्तर म्हणत, "कावळा काय ओट्यावर उभा आहे?" मग हळूहळू घरांचे चौकोन झाले, गल्ल्यांच्या रेघा झाल्या, नाला वाकडा आला. एका पोरानं पाटलाच्या घराचं इतकं बरोबर चित्र काढलं, की मागच्या आवारातली बिनछपराची न्हाणीसुद्धा दाखवली, आत दगड आणि बादली. पाटलीणबाई दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभ्या. "मास्तर, तुमचा कावया आमच्या न्हानीत काऊन पाह्यते?" मास्तरांनी खाली मान घातली. त्या गेल्यावर आम्हाला हळूच म्हणाले, "माप मात्र बरोबर होतं."

या असल्या कामात मी पहिला होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही, फुशारकीनंच तर घात केला. मास्तरांनी एक लाकडी पेटी केली होती. तिच्यात खाली काळ्या चिकणमातीचा थर, वर लाल गेरूचा, वर पुन्हा काळा. दाबताना पेटीखाली एका बाजूला वीट ठेवायची, म्हणजे थर तिरपे बसत. वरून सपाट करून घेतलं की काही कळत नसे, नुसती काळी माती. मग एरंडाच्या पानाचा पोकळ देठ घ्यायचा आणि मातीत उभा खुपसून वर काढायचा. देठ चिरला की आतली माती दिसे, इतकी बोटं काळी आणि मग लाल. तो देठ म्हणजे एक विहीर. अशा तीन विहिरी खोदायच्या, तीन ठिकाणी लाल किती खोल लागलं ते पाहायचं, आणि डोळे मिटून सांगायचं, चौथ्या ठिकाणी लाल कुठं लागेल. बाकीची पोरं बोटं मोजत बसत. मला मात्र तो लाल थर सरळ दिसायचा, तिरपी ठेवलेली परात दिसावी तसा. मी बोट ठेवी, मास्तर देठ खुपसत, आणि तिथंच निघे.

ते सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "याच्या डोळ्याले भिंत नाही." ज्या पोराला 'गाढव' आणि 'दगड' याशिवाय शाळेत काही ऐकायला मिळालं नव्हतं, त्याला हे वाक्य मिळालं. त्या दिवसापासून मी गल्लीतून छाती काढून चालू लागलो. मी कशालाच भीत नाही असंही सांगू लागलो, आणि लोकांना ते खरं वाटू लागलं.

गावात कुरकुर होतीच. पोरं झाडावर, पोरं नाल्यात, पोरं विहिरीच्या काठावर. पाढे कधी म्हणणार? त्या साली उन्हाळा कडक होता. गावविहिरीचा तळ दिसू लागला आणि बाया नदीवर जाऊ लागल्या, दीड कोस जाणं, दीड कोस येणं. पाटील एक दिवस शाळेत येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी पोट्ट्यायले जमिनीतलं दाखवता म्हनता. मंग पानी दाखवा. शाळेच्या बाजूनं विहीर खोदू, घरटी एक गडी देतो. लागलं पानी, तं पोट्टे झाडावर ठेवा नाई तं आभायात. नाई लागलं, तं खाली मान घालून पाढे शिकवायचे. ठरलं?"

मास्तर म्हणाले, "ठरलं."

मला वाटलं ते कचरतील. पण त्यांचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांना जेवायला बोलावलं आहे.

रीत पेटीचीच. आमच्याकडं काळ्या दगडाच्या पोटात एक लाल मातीचा पट्टा असतो. वरचं पाणी दगडाच्या भेगांतून झिरपतं आणि त्या लाल पट्ट्यावर येऊन बसतं. गावाभोवती तीन जुन्या विहिरी होत्या. गावविहीर, पाटलाच्या मळ्यातली आणि आमराईतली पडीक. तिन्हींत लाल पट्टा किती खोल आहे ते मोजलं, की शाळेजवळ तो किती खोल लागेल ते सांगता येईल. जमिनीचा चढउतार मास्तरांनी आधीच पाण्यानं भरलेली परात जागोजागी ठेवून काढून घेतला होता. पाटील त्या परातीकडं पाहून म्हणाले होते, "मास्तर, हात धुता का जेवता?"

गावविहिरीत मास्तर स्वतः उतरले. चार परस. विहिरी आमच्याकडं परसानं मोजतात, परस म्हणजे एक उभा माणूस. पाटलाच्या मळ्यात मी आणि मास्तर दोघं उतरलो. पाच परस. लाल माती चिमूटभर काढून मी धोतराच्या सोग्यात बांधली. तेवढ्यात शाळा तपासायला तालुक्याहून डिप्टी साहेब येतात असा निरोप आला आणि मास्तरांना शाळेत जावं लागलं. जाताना त्यांनी परसा-परसावर गाठी मारलेली दोरी माझ्या हातात दिली. "आमराईतली तू पाहा. लाल पट्ट्यावर हात ठेव, दोरीचं टोक तिथं धर, वरच्यानं गाठी मोजायच्या. दुसऱ्या कोणाच्या मापावर मी भरवसा ठेवला नसता."

वरचा म्हणजे कासम. पिंजाऱ्याचा पोरगा, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा बारीक.

आमराईतली विहीर मी रोज लांबून पाहिली होती. तिच्यावर उंबर वाकलेला, पायऱ्या निखळलेल्या, आत अंधार. गावात कोणी तिचं पाणी पीत नसे. तिच्यात आसरा राहतात असं म्हणत, पाण्यातल्या बाया, त्या माणसाला खाली बोलावतात. माझी माय त्या बाजूनं जाताना पदर तोंडावर घेई. मी तीन पायऱ्या उतरलो. चौथी पायाखाली हलली. खालून गार वारा आला आणि काहीतरी फडफडलं. पारवा असेल. मी वर आलो.

"काय झालं बे?" कासमनं विचारलं.

"पायऱ्या नाईत."

"मंग दोरीनं उतर. म्या धरतो उंबराले आटी मारून."

"तुह्याच्यानं मी पेलतो का?"

"मंग मी उतरतो, तू धर. आमाले नाई धरत तुमच्या आसरा."

खरं तर तेव्हाच सगळं निभलं असतं. कासम उतरला असता, माप आलं असतं, गोष्ट संपली असती. पण उद्या शाळेत कळलं असतं, की मी वर राहिलो आणि पिंजाऱ्याचा कासम खाली उतरला. मी दोरी त्याच्या हातातून हिसकली.

"तीन परस," मी म्हटलं.

"काय तीन परस?"

"माप. तीन परस सांगायचं."

"तू उतरलाच नाई!"

"सांगशीन कोनाले?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "मास्तर तुह्यावर भरवसा ठेवते बे," एवढंच म्हणाला. मी त्याला शपथ घातली, त्याच्या अब्बाची. त्यानं ती पाळली, हे त्याचं मोठेपण. माझं काय, ते पुढं वाचाच.

तीनच काऊन म्हटलं ते मलाही सांगता येत नाही. चार झाले होते, पाच झाले होते, तीन उरले होते. सोग्यातल्या लाल मातीतली अर्धी मी मळ्यातली म्हणून दिली आणि उरलेली आमराईतली म्हणून मास्तरांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत चोळली, आधीच्या मातीशेजारी धरली, उजेडात नेली.

"पाहा," ते म्हणाले. "तोच थर. तीन विहिरी, एकच थर!"

एकच असणार, माझ्या दोन्ही चिमटी एकाच विहिरीतल्या होत्या. मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या पोरांना गूळ वाटला. तो गूळ मी खाल्ला.

शाळेजवळ जी जागा ठरली तिथं त्यांच्या हिशेबानं चार परसावर लाल लागायचं होतं. त्यांनी तसं चारचौघांत सांगितलं. खोदाई सुरू झाली. माती गेली, मुरूम गेला, दीड परसापासून काळा दगड लागला. सुरुंग कोणाजवळ नव्हता. घण आणि छिनी, दिवसाला वीतभर. मास्तर शाळा सुटली की स्वतः खाली उतरत आणि पाट्या भरत. त्यांच्या तळहातांवर फोड आले, फुटले, चिंध्या बांधल्या. चार परस झाले त्या दिवशी निम्मं गाव काठावर जमलं. मास्तरांनी तळाच्या दगडावर गाल टेकवला, ओल लागते का पाहायला. उठले तेव्हा गालाला नुसती दगडाची भुकटी.

"अजून हातभर," ते म्हणाले.

हातभर झालं. आणखी हातभर झालं. पाच परस झाले. मृग तोंडावर आला, लोकांना शेतं बोलावू लागली. एका सकाळी घण मारायला कोणी आलंच नाही.

कासम माझ्या घरी आला. आमच्या बोरीखाली उभा राहून म्हणाला, "अजून बी टाइम हाये. जाऊन सांग. दुसऱ्यांदा मोजू, मी उतरतो, तुहं नाव सांगू."

मी म्हटलं, "चाल, निंग इथून."

संध्याकाळी पाटलांनी चावडीवर लोक बसवले. मास्तर मधे उभे. पाटील वाईट माणूस नव्हते, पण घरटी गडी दिले होते, लोकांच्या हातांना फोड होते, कोणाला तरी विचारणं भाग होतं. ते म्हणाले, "मास्तर, मापं कोनं घेतली होती?"

माझं नाव आता निघणार म्हणून मी बापाच्या मागं सरकलो. मास्तरांची नजर एकदा माझ्यावरून गेली.

"दोरी मी बांधली," ते म्हणाले. "गाठी माझ्या, हिशेब माझा. चूक माझी. पोरायकडं काही नाही."

कोणीतरी मागून ओरडलं, "कांदा कापून पाहा मास्तर, पानी येईन!" सगळी चावडी हसली. मीही हसलो. हे मला वगळता आलं असतं, पण मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत पाढे सुरू झाले. पेटी कोपऱ्यात पडली, माती वाळून तडकली. मास्तर शब्दाचे पक्के होते, त्यांनी एकाही पोराला नीमावर चढवलं नाही. दिवाळीनंतर त्यांची बदली घाटाखाली झाली. मी शाळा सोडली. बाप म्हणाला, "काऊन रे?" मी म्हटलं, "मले नाई येत वाचता." ते खरंच होतं, म्हणून सोपं गेलं.

लग्न झाल्यावर, पोरगी पाळण्यात असताना, एका दुपारी मी आमराईत गेलो. उंबराला मोटेचा नाडा बांधला आणि उतरलो. आत पारवे होते आणि गार वास होता, बाकी काही नव्हतं. लाल पट्टा सापडला. नाड्यावर खूण केली आणि वर येऊन मोजलं. सहा परस. मग तिथंच जमिनीवर एरंडाचे तीन देठ रोवले, चार, पाच आणि सहा, आणि डोळे मिटले. अजून दिसत होतं. शाळेजवळ लाल पट्टा साडेपाच परसावर होता. लोक पाचवर थांबले होते. उभ्या माणसाच्या कमरेएवढं अंतर राहिलं होतं.

तेव्हा तरी गावाला सांगायचं होतं. बाया अजून उन्हाळ्यात नदीवर जात होत्या, त्यात माझी बायकोही होती. पण लोकांनी विचारलं असतं, तुले कसं ठाव? मी देठ उपटले, नाडा गुंडाळला आणि घरी आलो. त्या खड्ड्यात लोकांनी केरकचरा टाकून टाकून तो बुजवला.

मग मलकापूर. कापसाच्या गाड्या घेऊन आम्ही जिनिंगला गेलो होतो. गाड्या खाली झाल्या आणि मी सहज टेसनावर गेलो, आगगाडी पाहायला. बाकावर मास्तर बसले होते. रुमाल तोच, आत माणूस निम्मा उरला होता. मी ओळख दिली. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. नोकरी संपली होती, मुलाकडं नागपूरला निघाले होते.

"शाळा कशी होती मास्तर, घाटाखालची?"

"चांगली. नद्यांची नावं पाठ करून घेत होतो. डिप्टी साहेब दरवर्षी चांगला शेरा देत." मग म्हणाले, "मी तुझीच वाट पाहत होतो असं समज."

त्यांनी ट्रंकेवरच्या धुळीत बोटानं तीन टिंबं काढली. तिन्ही अगदी जागच्या जागी होती, इतक्या वर्षांनी.

"ही गावविहीर, ही मी पाहिली. ही पाटलाच्या मळ्यातली, आपण दोघांनी पाहिली. ही तू पाहिलीस. दोरी मी पुन्हा तपासली होती, बदलीच्या आधी. गाठी बरोबर होत्या. हिशेब मी किती वेळा केला असेल, सांगता येत नाही. रोज रात्री निजताना करतो. चूक निघत नाही रे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, टिंबांकडंच पाहत होते. "राग मानू नको. एकच विचारतो. तू खाली उतरला होतास ना?"

गाडीला अजून वेळ होता. टेसनावर आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. मी बापाच्या मागं लपण्याएवढा लहान नव्हतो, मिशा होत्या मला. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. त्या म्हाताऱ्यानं मला मारलं नसतं, उलट उठून नाचला असता. त्याला चूकच हवी होती, माझी असली तरी चालली असती.

"हाव मास्तर," मी म्हटलं. "उतरलो होतो."

"मले वाटलंच," ते म्हणाले. "तू भिणारा पोरगा नव्हतास."

मग त्यांनी तळहातानं ती तिन्ही टिंबं पुसली. घाईनं नाही, पाटी पुसतात तशी, कडेपर्यंत.

"म्हणजे रीतच खोटी होती," ते म्हणाले. "तीन जागांवरून चौथी सांगता येत नाही. जमीन पेटीसारखी नसते. मी उगाच पोरायचा वेळ घालवला. बरं झालं तू भेटलास, एवढे दिवस मनात अडकून होतं."

गाडी आली. मी ट्रंक उचलून डब्यात ठेवली आणि त्यांना हात देऊन चढवलं. ते खिडकीशी बसले. मला पोरंबाळं किती ते विचारलं. मी म्हटलं, एक पोरगी, एक पोरगा, पोरगा औंदा शाळेत जाईल.

"घाल, घाल शाळेत," मास्तर म्हणाले. "आणि हे पाहा, नद्यांची नावं चोख पाठ करून घे त्याच्याकडून. तेवढं पुरते."

मी म्हटलं, "हाव मास्तर."